सकाळी छान चाललेला वर्ग दुपारी हातातून जातो, माझं काय चुकतं?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला होता, आज शाळेतून आल्यावर परत एकदा नीट वाचला. पहिलंच वर्ष, सहा-सात वर्षांची ३४ मुलं, सोमवारी वर्ग इतका छान चालला की घरी जाताना वाटलं हेच आपलं काम, आणि मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर एका मुलाने स्वतःचीच वही फाडली, तुम्ही जोरात ओरडलात, अख्खा वर्ग चिडीचूप झाला, पुढचा तास कसाबसा ढकललात आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलात. आणि शेवटी विचारलंय, रोज सारखाच चांगला दिवस जावा म्हणून काय करू, की मी या कामाला लायकच नाहीये?

मी २२ वर्षं पहिली-दुसरीच्याच वर्गांवर आहे, त्यामुळे जे सांगतेय ते त्याच वयाच्या मुलांबद्दल. लायक आहात की नाही हे एका मंगळवारवरून मी काय, कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे तो भाग सध्या बाजूला ठेवा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, वही फाडली हे तुम्ही एकदाच लिहिलंय आणि वर्ग गप्प झाला हे दोनदा. म्हणजे तुम्हाला नेमकं काय लागलंय ते दिसतंय, त्याच्यावर पुढे येतेच.

मला वाटतं खरा प्रश्न 'रोज चांगला दिवस कसा आणायचा' हा नाहीये. तुम्ही अख्खा दिवस एकच वस्तू असल्यासारखा धरताय, चांगला किंवा वाईट. मी पण पहिली तीन-चार वर्षं तेच करायचे, घरी कोणी विचारलं कसा गेला दिवस की एक शब्द, मस्त नाहीतर भयंकर. मग एका वर्षी मी रोज शाळा सुटल्यावर पाच मिनिटं बसून फक्त एवढंच लिहायला लागले की आज वर्ग किती वाजता बिघडला आणि त्याच्या बरोबर आधी काय चाललं होतं. महिनाभराने वही चाळली तर बिघडलेल्या जागा सगळ्या त्याच त्याच निघाल्या. वर्ग शिकवताना बिघडतच नव्हता जवळपास. तो बिघडत होता सांध्यांवर. एक काम संपून दुसरं सुरू होताना, गणिताची वही आत जाऊन भाषेची बाहेर येताना, बाहेरून आत येताना, दहा मुलांचं झालंय आणि बाकीच्यांचं व्हायचंय अशा वेळी, आणि शेवटच्या वीस मिनिटांत. दिवसभरात असे सात-आठ सांधे असतात. ते धरले की मधले तास बऱ्यापैकी आपोआप चालतात.

आता हे किती जमेल ते परिस्थितीवर आहे, ते आधीच कबूल करते. ३४ मुलं आणि तुम्ही एकट्या, किंवा १८ मुलं आणि मदतीला अजून एक जण, ही दोन वेगळी कामं आहेत, एकच सल्ला दोन्हीकडे चालत नाही. खोली किती मोठी आहे, मुलं बाकावर बसतात की खाली, टाइमटेबल तुम्हाला बदलता येतं की वरून येतं, मुख्याध्यापक समजून घेणारे आहेत का, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी सध्या काही मोठं घडतंय का, हे सगळं मला माहीत नाही. त्यामुळे जे तुमच्याकडे लागू होत नाही ते खुशाल सोडून द्या.

पहिला सांधा सूचनांचा. आपण अगदी सहज म्हणतो, "चला, वह्या बाहेर काढा, नवीन पान घ्या, वर तारीख घाला, आणि फळ्यावरचं उतरवायला सुरुवात करा." आपल्यासाठी ते एकच वाक्य आहे. सहा वर्षांच्या मुलासाठी ती चार कामं आहेत, आणि या वयात एका वेळी डोक्यात दोन, फार तर तीन गोष्टी टिकतात. मी एकदा दुसऱ्या बाईंच्या वर्गात मागे बसून फक्त एका मुलाकडे बघत होते. त्याने दप्तर उघडलं, वही शोधली, वही खालच्या बाजूला होती म्हणून आधी पाण्याची बाटली बाहेर काढून बाकावर ठेवली, वही काढली, आणि मग तो नुसता बसला. त्याला पुढचं आठवतच नव्हतं. मग त्याने शेजारच्याच्या वहीत डोकावून बघितलं, शेजारचा म्हणाला, "ए बाई, हा माझं बघतोय", बाईंनी वर बघितलं तर बाटली बाकावर, वही बंद, आणि हा शेजाऱ्याशी बोलतोय. बोलणी बसली. त्या मुलाने काहीच चुकीचं केलं नव्हतं हो. त्याने पहिली सूचना मनापासून पाळली होती.

तेव्हापासून मी एक सूचना देते, थांबते, सगळ्यांचं होईपर्यंत बघते, मग दुसरी. ऐकायला फार वेळखाऊ वाटतं, पण वेळ वाचतो, करून बघा. आणि जे बोलते ते फळ्यावर छोट्या चित्रात पण काढते, वही, पेन्सिल, तारीख. ज्याचं सुटलं तो फळ्याकडे बघतो, शेजाऱ्याकडे नाही.

दुसरा सांधा मधल्या सुट्टीनंतरचा, आणि तुमचा मंगळवार तिथेच गेला. मुलं धावून आलेली असतात, घाम, तहान, कोणाचं तरी भांडण अर्धवट राहिलेलं, कोणाला खेळात घेतलेलं नाही, कोणाला शूला जायचंय पण खेळताना आठवलंच नाही आणि वर्गात पाय टाकल्या टाकल्या आठवलं. दारात चौघं पहिला कोण यावरून ढकलाढकली करतायत. आणि आपण काय करतो, टाइमटेबलमध्ये त्या वेळेला लेखन आहे म्हणून लगेच "शुद्धलेखनाच्या वह्या काढा". शरीर अजून मैदानावर आहे आणि आपण त्याला दिवसातलं सगळ्यात बारीक काम देतो.

मी सुट्टीनंतरची पहिली दहा मिनिटं कधीच लिहायला देत नाही. मुलं येतात, पाणी पितात, ज्याला जायचंय तो जाऊन येतो, आणि मी गोष्ट वाचत बसते. मोठ्याने नाही, मध्यम आवाजात. मुलं आली की मी सुरुवात करत नाही, ती यायच्या आधीच मी वाचत असते, रिकाम्या वर्गात पण. आत येणाऱ्या पहिल्या मुलाला गोष्ट चालू असलेली दिसते आणि तो बसतो, दुसरा त्याला बघून बसतो. रोज तीच गोष्ट जिथे सोडली तिथून पुढे. जी भांडणं घेऊन आलेली असतात त्यांना मी सांगते, गोष्ट झाली की माझ्याजवळ या, मी ऐकणार आहे. आणि खरंच ऐकते. दहा मिनिटांनी निम्म्यांना भांडण आठवतही नाही, जे तरीही येतात त्यांचं काहीतरी खरं असतं.

आता वहीबद्दल. तुम्ही लिहिलंय "विनाकारण वही फाडली". असेलही, मी तिथे नव्हते. पण मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते, खूप वर्षांपूर्वीची. 'झ' काढत होती. तो 'झ' तिला जमत नव्हता, दर वेळी शेवटची गाठ दुसऱ्याच बाजूला जायची. तिने खोडलं, परत काढलं, परत खोडलं. खोडरबराने कागद काळा झाला, मग केसाळ झाला, मग त्याला भोक पडलं. ती त्या भोकाकडे बघत राहिली, बोट घालून बघितलं, आणि मग टर्रकन अख्खं पान ओढलं, त्याच्याबरोबर शेजारची तीन पानंही आली. मी फक्त आवाज ऐकला. वर बघितलं तर फाटलेली वही आणि लालबुंद चेहरा. मी जर खालचा कागद उचलून बघितला नसता तर मला कधीच कळलं नसतं की त्या भोकाच्या भोवती सहा 'झ' होते.

म्हणून विचारते, ते फाटलेलं पान तुमच्याकडे आहे का? असेल तर बघा त्याच्यावर काय आहे. खाडाखोड आहे का, कोणत्या अक्षराशी ती थांबलीये, की पान कोरंच आहे. कोरं असेल तर गोष्ट वेगळी, मग बहुतेक वहीचा संबंध नाही, सुट्टीतलं काहीतरी सोबत आलंय. खाडाखोड असेल तर ते लेखनाचं दुखणं आहे. आणि ते दुखणं खरं असतं. या वयात मनगटाची हाडं पूर्ण तयार झालेली नसतात, मनगटात आठ छोटी हाडं असतात, मूल जन्मतं तेव्हा ती कूर्चेची असतात आणि एकेक करून वर्षानुवर्षं टणक होत जातात, सहा-सात वर्षांच्या मुलाचं ते काम अजून चालूच असतं. पेन्सिल आवळून धरणारी, दोन ओळींनंतर हात झटकणारी मुलं आळशी नसतात, त्यांचा हात खरंच दुखतो. दोन ओळी नीट काढल्या तर पाच ओळींचा हट्ट कशाला. मी तर सरळ सांगते, ओळीतलं तुला सगळ्यात आवडलेलं अक्षर शोध आणि त्याच्याभोवती गोल कर. मूल स्वतःचं अक्षर बघायला लागतं, खोडायचं विसरतं.

उलटी अक्षरं, उलटे आकडे याचंही तुम्ही ओझरतं लिहिलंय, की अजूनही काही मुलं ३ आणि ६ मध्ये गोंधळतात. अहो आपले हे दोन आकडे जवळपास एकमेकांची आरशातली रूपंच आहेत. मुलाला आत्तापर्यंत जगाने काय शिकवलंय, की वाटी डावीकडे तोंड करून ठेवली काय, उजवीकडे केली काय, वाटी ती वाटीच. आणि आता आपण अचानक म्हणतो की नाही, इथे तोंड कुठे आहे त्याच्यावर नाव बदलतं. सात वर्षांपर्यंत असं उलटं लिहिणं खूप मुलांमध्ये दिसतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. भ आणि म, घ आणि ध, यांचंही तसंच, बारीक फरकाला डोळा सरावायला वेळ लागतो. आठ पूर्ण झाल्यावरही तसंच राहिलं, आणि सोबत वाचनही अडत असेल, तर मात्र पालकांशी बोलून तज्ज्ञांना दाखवायला सांगा, तिथे वाट बघत बसू नका.

आता ओरडण्याबद्दल, कारण तुम्हाला तेच खुपतंय. मी पण ओरडलेय. एकदा नाही. पहिल्या काही वर्षांत ओरडून झाल्यावर मी काहीच झालं नाही असं दाखवायचे आणि पुढचा धडा घ्यायचे, कारण मला वाटायचं माफी मागितली तर धाक जाईल. मग एका दुपारी ओरडल्यावर एक छोटा मुलगा जवळ आला आणि माझ्या ओढणीचं टोक धरून म्हणाला, "बाई, आता संपलं का?" त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं. ओरडणं संपलंय की अजून येणार आहे. सगळा वर्ग त्याच एका प्रश्नावर बसलेला असतो हो, तो गप्पपणा म्हणजे तेच. त्यात शिकणं होत नाही, मुलं फक्त आपला चेहरा वाचत असतात.

त्यानंतर मी ठरवलं की ओरडले तर त्याच दिवशी, मुलं घरी जायच्या आधी, ते मिटवायचं. मी जे म्हणते ते जवळपास शब्द न शब्द असं, "मघाशी मी मोठ्याने ओरडले. मला राग आला होता. वही फाडणं बरोबर नाही, ते मी अजूनही म्हणते, पण ओरडायची गरज नव्हती, ते माझं चुकलं. आता राग संपलाय." एवढंच. लांबण नाही, "पण तुम्हीसुद्धा असं वागता म्हणून" असं शेपूट नाही. शेपूट लावलं की ती माफी राहत नाही, परत बोलणीच होतात. आणि ज्याच्यावर ओरडले त्याच्याशी वेगळं, खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन. धाक गेला नाही. उलट वर्षाच्या शेवटी मुलं आपापसात पण "माझं चुकलं, आता राग संपला" म्हणताना मी ऐकलीयेत.

मंगळवारचं तुमचं अजून मिटलेलं नसेल तर उशीर झालेला नाही, उद्या सकाळी हजेरीनंतर सांगितलं तरी चालेल. मुलं लक्षात ठेवतात.

आणि ओरडायची वेळ कमी यावी म्हणून एक गोष्ट, आवाज हे एकच हत्यार ठेवू नका. शिक्षकांमध्ये घसा बसणं, आवाज खराब होणं हे फार कॉमन आहे, मी स्वतः एका वर्षी तीन आठवडे जवळजवळ बोलू शकत नव्हते. तेव्हा नाइलाजाने टाळीचा ठेका सुरू केला, मी एक ठेका वाजवायचा, मुलांनी तो परत वाजवायचा. दोन हात टाळीत गुंतले की शेजाऱ्याला चिमटा काढता येत नाही. तिसऱ्या ठेक्याला वर्ग माझ्याकडे बघत असतो. आवाज परत आला तरी तो ठेका मी सोडला नाही.

शिकवण्यातल्या चढउताराबद्दल पण बोलायला हवं, कारण तुम्ही लिहिलंय काल येत होतं ते आज येत नाही, मग मी काय शिकवलं. हे या कामातलं सगळ्यात जास्त खच्ची करणारं आहे हे मान्य. पण छोट्या मुलांचं बोलणं आठवा. दोन-अडीच वर्षांचं मूल "केलं" असं बरोबर म्हणतं, कारण ते ऐकून म्हणतं. मग मधेच "मी करलं" म्हणायला लागतं. घरचे म्हणतात, अरे आधी नीट बोलत होता. पण ते मागे नाही गेलेलं, त्याला नियम सापडलाय, धरलं, भरलं, तसं करलं. नियम सापडला म्हणून चूक आली. काही दिवसांनी परत "केलं" येतं आणि मग ते पक्कं असतं. वर्गात अगदी हेच चालतं. जोडाक्षरं शिकवली की साध्या शब्दात पण मुलं अक्षरं जोडायला लागतात. हातच्याची बेरीज शिकवली की जिथे हातचा नाही तिथेही एक वाढवून ठेवतात. त्या दिवशी वह्या तपासताना रडू येतं. पण चूक बदललीये का ते बघा. तीच चूक महिनाभर असेल तर माझं शिकवणं बघायला हवं, चूक नवीन असेल तर मूल हललंय.

आकड्यांचं तर आपल्या भाषेत मुद्दाम समजून घ्या. मूल "पंचवीस" ऐकतं, कानावर आधी पाच पडतो आणि मग वीस. म्हणून ते ५२ लिहितं. ते कानाने ऐकलं त्याच क्रमाने लिहितंय, अगदी प्रामाणिकपणे. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो कारण त्यांच्याकडेही एकक आधी बोलतात. आणि "एकोणतीस" ऐकलं की शेवटी तीस ऐकू येतो, म्हणून ३९. याच्यासाठी पाठांतर वाढवून उपयोग होत नाही, मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधते, पंचवीस म्हटलं की आधी गठ्ठे उचलायचे, दोन, मग सुट्ट्या पाच, आणि मग लिहायचं. हात आधी दशक उचलतो, म्हणून पेन्सिलही आधी दशक लिहिते. दोन-तीन आठवडे लागतात.

अजून एक, प्रश्न विचारून थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाई होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातले संवाद रेकॉर्ड करून मोजलं होतं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं मी तर थांबते. मग मनात मोजायला लागले, एक... दोन... तीन... इतका लांब वेळ असतो तो, वर्गात तर अंगावर येतो. पण मागच्या बाकावरची जी मुलं वर्षभर तोंड उघडत नाहीत ती बहुतेक तिसऱ्या-चौथ्या सेकंदाची मुलं असतात. त्यांना येत असतं, फक्त आपण निघून गेलेलो असतो.

आता चांगल्या क्षणांबद्दल. तुमच्या प्रश्नात वाईट क्षण मिनिटासकट आहेत आणि सोमवारबद्दल फक्त "छान गेला". काय छान गेलं? तुम्हाला आत्ता आठवतंय का? नसेल आठवत, कारण या वर्गातले चांगले क्षण फार छोटे आणि बिनआवाजाचे असतात. माझ्या वर्गात गेल्या महिन्यातलं सांगते. एक मुलगा आहे, पाच आणि तीन म्हटलं की तो पाच मणी मोजणार, तीन मणी मोजणार, मग सगळे एकत्र करून परत एकपासून आठपर्यंत मोजणार. रोज. चार महिने. त्या दिवशी त्याने पाच मणी मोजले, त्यांच्यावर हात झाकून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने एकेक मणी सरकवत पुटपुटला, "पाच... सहा, सात, आठ." एकपासून मोजायला परत गेलाच नाही. मग स्वतःच थांबला, हाताखालचे मणी बघितले, परत झाकले. त्याच्या डोक्यात पाच ही आता एक आख्खी वस्तू झाली होती, तिला परत मोजायची गरज नव्हती. त्याच वेळी माझ्या पाठीमागे दोघं खोडरबरावरून भांडत होती, एकीच्या दाताला हात लावून लावून तो पडला होता आणि ती रक्त दाखवायला येत होती. त्याच्याकडे वर्गात कोणाचंच लक्ष नव्हतं. माझं पण नसतं गेलं, मी योगायोगाने त्याच्या बाजूला उभी होते म्हणून दिसलं.

ते मी लिहून ठेवलं. तीच वही, जिच्यात बिघडलेल्या जागा लिहिते, तिच्या उलट्या बाजूने. रोज एकच ओळ, एका मुलाचं नाव, काय केलं. "छान वागला" असलं नाही, हाताने काय केलं, तोंडाने काय म्हणाली ते. आठवड्याने बघितलं की कळतं कोणाचं नाव एकदाही आलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या मुलाशेजारी जाऊन उभी राहते. ३४ मुलं असतील तर प्रत्येकाची पाळी यायला दीड-दोन महिने लागतील, लागू देत. पालकांना भेटताना ही वही फार कामाला येते, कारण "तुमचा मुलगा लक्ष देत नाही" याच्या आधी "त्याने मंगळवारी हे केलं" असं खरंखुरं सांगता येतं आणि मग ते पुढचं ऐकून घेतात.

थकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण ओळींमधून दिसतंय. दिवसभरात या वयाची मुलं आपल्याला सतत काहीतरी विचारतात, बाई झालं माझं, बाई हा बघा, बाई टोक तुटलं, आणि प्रत्येक वेळी आपण एक छोटा निर्णय घेत असतो. संध्याकाळपर्यंत डोकं रिकामं होतं यात कमकुवतपणा काही नाही. मी घरी गेल्यावर पहिला अर्धा तास कोणाशी बोलत नाही, घरच्यांना ते माहीत आहे. पालकांचे रात्रीचे मेसेज सकाळी बघते, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकते. आणि मुलांचीही झोप विचारा, या वयाला ९ ते १२ तास लागतात, जो मुलगा रोज दुपारी चिडतो तो रात्री किती वाजता झोपतो हे पालकांना एकदा सहज विचारून बघा. मी कितीतरी वेळा वर्तनाचा म्हणून घेतलेला प्रश्न झोपेचा निघालाय.

सगळे सांधे एकदम धरायला जाऊ नका, मी गेले होते एका वर्षी, आठवडाभरात सगळं सोडून दिलं. सुट्टीनंतरचा एक घ्या, पंधरा दिवस फक्त तोच. तो बसला की पुढचा. पहिले चार-पाच दिवस काहीच फरक दिसणार नाही, उलट मुलं "आज का नाही लिहायचं" म्हणून गोंधळ घालतील, तरी तेच चालू ठेवा.

आणि त्या मुलाचं. उद्या त्याला नवी वही द्याल तेव्हा सगळ्यांसमोर देऊ नका. शाळा भरायच्या आधी किंवा गोष्टीच्या वेळेला त्याच्या शेजारी बसा, पहिल्या पानावरची तारीख तुम्हीच घाला, आणि फाटलेल्या पानावर जे अक्षर अडलं होतं ते नव्या पानावर फिकट पेन्सिलीने एकदाच काढून द्या. खोडरबर दहा मिनिटं तुमच्याकडे ठेवा, त्याला सांगा आज खोडायचं नाही, चुकलं तर त्याच्याच शेजारी नवीन काढायचं. मग उठून दुसरीकडे जा, लगेच बघायला येऊ नका. काय झालं ते इथेच लिहा, मी वाट बघतेय.